ठोकळ्यांवरची बोट

१

डबा किनाऱ्याला लागला तेव्हा त्याचं सील तुटलेलं होतं आणि बटण आत दाबलेलं होतं.

नारिंगी रंगाचा, जेवणाच्या डब्याएवढा डबा. डोलकाठीच्या तुटक्या तुकड्याला अजून नायलॉनच्या दोरीने बांधलेला. 'समुद्रतारा' मंगळवारी, बारा सप्टेंबरला पडुबैलू बंदरातून निघाली ती परत आली नाही. बोटीवर सहा माणसं होती. बुधवारी शोध सुरू झाला, गुरुवारी तीन प्रेतं मिळाली. तिघांच्याही अंगात तरंगजॅकेट होतं. डॉक्टरांनी लिहिलं की ही माणसं मंगळवारी संध्याकाळपर्यंत पाण्यात जिवंत होती. मग शनिवारी हा डबा आला.

डब्याचं काम एकच. सील तोडून बटण दाबलं की उपग्रहातून आमच्या मच्छीमार संघाच्या निरीक्षण खोलीत हाक पोचते आणि गस्तीची बोट सुटते. शिवाय बोटीच्या मालकाच्या आणि माणसांच्या घरच्यांच्या फोनवर मेसेज जातो. पण बारा तारखेला 'समुद्रतारा'कडून हाक आल्याची नोंद संघाच्या यंत्रणेत नव्हती.

रविवारी पोलिसांनी नौफलला उचललं. साठ नव्या बोटींवर डबे त्यानेच बसवले होते. त्याने नकली माल बसवला, असं बंदरावर सगळे बोलत होते. त्याच्या दुकानाची काच फुटली.

मी संघाच्या आकडेविभागात काम करते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर लागलेली ही पहिली नोकरी. गुरुवारी अध्यक्षांनी मला बोलावलं.

"दिव्यश्री, पोलिसांना दोन पानांची टीप हवीय. डब्यातून हाक आली नाही, एवढंच लिहायचं. सोमवारी नौफलच्या जामिनाची सुनावणी आहे."

"आणि टीप गेल्यावर?"

"गेल्यावर जामीन मिळणार नाही. सहा माणसं गेलीत, बाई."

टीप लिहिण्याआधी मी ठाण्यात जाऊन नौफलला भेटले. तीस वर्षांचा असेल. चार दिवसांत दाढी वाढली होती.

"अक्का, तुम्ही शिकलेल्या आहात, म्हणून सांगतो," तो म्हणाला. "प्रत्येक बोटीवर डबा लावला की मी चाचणीचं बटण दाबायचो. हिरवा दिवा लागल्याशिवाय काम सोडलं नाही; एप्रिलमध्ये काही बोटींवर लागला नाही, तर मेमध्ये पुन्हा जाऊन दाबलं. हिरवा म्हणजे संदेश पोचला आणि तिकडे बोटही सापडली. 'समुद्रतारा'वर तर बोट चालवणारा तांडेल स्वतः उभा होता बघत. हिरवा लागला होता!"

"तो तांडेल कुठे आहे?"

नौफलने माझ्याकडे पाहिलं. तांडेल त्या तीन प्रेतांपैकी एक होता.

२

निरीक्षण खोली बर्फ कारखान्याच्या माडीवर आहे. दिवसपाळीला यतीश कुंदर असतो. बारा तारखेला तोच होता. त्याचा धाकटा भाऊ लोहित 'समुद्रतारा'वर होता आणि त्याचं प्रेत अजून मिळालेलं नव्हतं. तरी यतीश कामावर येत होता. घरी आई सारखी दाराकडे बघत बसते, ते बघवत नाही, म्हणाला.

"बघ तूच," त्याने पडदा माझ्याकडे फिरवला. "समुद्रतारा. क्रमांक सात-प-दोनशेतीन. बारा तारीख. काही नाही. रिकामं. त्या हरामखोराने माझ्या भावाच्या हातात खेळणं दिलं."

मी 'समुद्रतारा'च्या आधीच्या नोंदी मागितल्या. बोट बंदरातून निघाली किंवा परतली की डबा आपोआप नोंद पाठवतो. त्याही रिकाम्या होत्या. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाल्यापासून एकही नाही.

"यतीशण्णा, ही बोट महिनाभर रोज जात होती ना?"

"पडुबैलूच्या कुठल्याच बोटीची नोंद नसायची, अपघातानंतर घाबरून आता दिसू लागल्यात. ते लोक डबे बंद ठेवायचे. मासा कुठे सापडतो ते दुसऱ्याला कळू नये म्हणून! बांगड्याचा थवा लागला तर सख्ख्या मेव्हण्यालाही सांगणार नाहीत. लोहितला मी किती वेळा शिव्या दिल्या त्यावरून. तो म्हणायचा, 'अण्णा, आईची शपथ, चालू असतो.'"

मी बारा तारखेचं पूर्ण पान उघडलं. दिवसभरात हाक एकच होती. सकाळी अकरा बेचाळीसला, 'जलदुर्गा', क्रमांक सात. एका मिनिटात बंद केलेली.

"ही?"

"ते सोड. ते सांतप्पांचं भूत."

"म्हणजे?"

"जुन्या बंदरातली बोट आहे. दोन वर्षं गोदीत ठोकळ्यांवर उभी आहे, पण डबा बिघडलाय. बोट निघाली, बोट परतली, हाक आली, चालूच. दहा मिनिटांत चाळीस मैल उडी मारते! पहिल्यांदा हाक आली तेव्हा मी गस्तीची बोट पाठवली. तिथे पडुबैलूची पोरं मजेत जेवत बसलेली. मग सांतप्पांना फोन केला, तर म्हातारा हसतोय. असं नऊ वेळा झाल्यावर मी सातच्या हाकेची शिट्टीच बंद करून टाकली."

"अध्यक्षांना विचारून?"

"लेखी आहे," तो म्हणाला. "आणि मी माझ्या वहीतही लिहितो सगळं. वेळ, ठिकाण. वीज गेली तर?"

टेबलाच्या खणात लाल पुठ्ठ्याची वही होती. मी ती तेव्हा उघडली नाही. बिघडलेल्या डब्याच्या नोंदींचं मला काय करायचं होतं?

३

तरी मी सांतप्पा मेंडनांकडे गेले. दहा मिनिटांत चाळीस मैल, ही गोष्ट डोक्यातून जात नव्हती. बिघडलेलं यंत्र चुकतं, पण ते असं नेटकं चुकत नाही. 'निघाली' आणि 'परतली' याही नोंदी ते भूत रीतसर पाठवत होतं.

सत्तरीचे सांतप्पा गोदीजवळच राहतात. बोट घरातून दिसते. तळाला शेवाळ वाळून पांढरं पडलेलं, एका फळीतून पिंपळ आलेला.

"ये ये. भूत बघायला आलीस?" त्यांनी फोन पुढे केला. "वाच. आपली बोट बंदरातून निघाली आहे. आपली बोट बंदरात परतली आहे. माझ्या गुडघ्यांपेक्षा बोट बरी, फिरते तरी!"

"अज्जा, कधीपासून येतात हे?"

"मेच्या दहा तारखेपासून. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते ना, तेव्हा भूतही घरी बसलं. कायद्याचं आहे हो भूत. एक ऑगस्टला पुन्हा सुरू."

मी मेसेज वर सरकवत गेले. दिवसाला पंधरा, कधी वीस. बारा सप्टेंबरला अकरा बेचाळीसला: आपल्या बोटीने मदत मागितली आहे. तेरा तारखेला नेहमीसारखेच. शेवटचा मेसेज चौदा तारखेच्या पहाटेचा होता. पुढे काही नाही.

"आता येत नाहीत?"

सांतप्पांचा चेहरा बदलला. "नाही. बायको म्हणते, सहा जीव मिळाले, शांत झालं. मी तिला ओरडलो. पण खरं सांगू? मलाही तसंच वाटतं."

"डबा कुठे आहे तुमचा? बोटीवर?"

"छे! गंजेल म्हणून काढून आणला मी." त्यांनी कपाट उघडलं, कापडात गुंडाळलेला नारिंगी डबा काढून माझ्या हातात दिला. तो फार हलका होता. मी मागचं झाकण उघडलं.

"अज्जा, यातली बॅटरी?"

"ती? नातवाने खेळण्याच्या गाडीत घातली. झालं दीड वर्ष."

४

बॅटरी नसलेला डबा बोलत नाही. मग सात नंबरच्या नावाने चार महिने कोण बोलत होतं?

रात्री मी झोपले आणि सकाळी पेजेच्या ताटासमोर कागद घेऊन बसले. एका बाजूला पडुबैलूच्या नव्या बोटी, रोज समुद्रावर जाणाऱ्या आणि तरीही मुक्या. दुसऱ्या बाजूला एक बोट, जागची न हलणारी आणि अखंड बडबडणारी. एक बोट दहा मिनिटांत चाळीस मैल जात नाही. पण दोन बोटी एकमेकींपासून चाळीस मैलांवर असू शकतात.

पडुबैलूच्या मुक्या बोटींचा आवाज त्या एका बोटीच्या तोंडून येत असेल तर?

आता दोनच प्रश्न उरले. तो तिथे कसा गेला? आणि चौदा तारखेला थांबला कसा?

यंत्रणा टेकडीवरच्या कंपनीने बनवली आहे. तिथले मुख्य श्रीवत्स उपाध्य. शांत, हळू बोलणारे, कपाळावर उभं गंध. त्यांनी मला कॉफी दिली.

"नवे क्रमांक असे विचित्र का सर? सात-प-दोनशेतीन? जुने तर साधे आहेत. एक, दोन, तीन."

ते हसले. "ते तुमच्या गावोगावच्या प्रमुखांना, गुरिकारांना विचारा. नवी गावं संघात आली तेव्हा मी 'प-सात-दोनशेतीन' दिलं होतं. आधी जाळ्याचं अक्षर, पर्ससीनचा 'प', मग गाव, मग बोट. सगळ्या गावांचे गुरिकार चिडून आले. देवीच्या उत्सवात ज्या गावाचा जो मान, तो आकडा सगळ्यांत पुढे पाहिजे! मानाच्या आधी जाळं कसं येईल? पडुबैलूचा मान सातवा, म्हणून सात पुढे. मी म्हटलं, ठीक आहे बाबांनो, घ्या."

"कधी बदललं?"

"नऊ मेला."

दुसऱ्या दिवशी, दहा तारखेला, सांतप्पांना पहिला मेसेज आला होता. मी यंत्रणेने नोंदवलेल्या तक्रारींची जुनी यादी मागितली. एप्रिलमध्ये एकतीस तक्रारी होत्या, सगळ्या एकाच मजकुराच्या: 'नव्या क्रमांकाच्या संदेशासाठी बोट सापडत नाही.' एकतीसही तक्रारी नऊ मेला बंद.

"यात काय दुरुस्त केलंत?"

"काहीच नाही. क्रमांकाची पद्धत बदलली आणि चुका आपोआप गेल्या."

"आपोआप?"

"होतं असं कधीकधी." त्यांनी कप खाली ठेवला. "दिव्यश्री, डबा नकली असेल तर आमची यंत्रणा काय करणार? हवं तर आत्ता तपासा."

मी तपासलं. सात-प-दोनशेतीनच्या नावाने खोटा संदेश पाठवला. तो 'समुद्रतारा'च्याच खात्यात गेला. अगदी बरोबर.

उतारावर बस येईपर्यंत मी दगडावर बसून राहिले. यंत्रणा आज बरोबर होती. पण सांतप्पांचं भूत कालपरवापर्यंत खरं होतं आणि भूत स्वतःहून जात नाही, त्याला कोणीतरी घालवावं लागतं.

५

मी एक अंदाज बांधला. तो खरा असेल तर आणखी एक गोष्ट खरी असलीच पाहिजे होती, म्हणून आधी ती तपासली. गंगेवाडी गावाचा मान चौथा, तिथल्या नव्या बोटी चार-प. मी जुन्या चार नंबरच्या मालकाला फोन लावला. त्याची बोट धडधाकट, रोज जाणारी.

"काका, तुम्हाला मेसेज किती येतात?"

"अगं, विचारू नकोस! एकदा निघालो तर आठदा निघाल्याचा मेसेज! बायको म्हणते, आठ ठिकाणी जाता कुठे तुम्ही? पण आता बंद झालं ते."

"कधी बंद झालं?"

"आठ-दहा दिवस झाले. चौदा तारखेला वगैरे."

मग सगळं सरळ होतं. प्रत्येक संदेश कुठल्या बोटीचा, हे लिहायला यंत्रणेत एक रकाना असतो. पहिल्या बोटींचे क्रमांक साधे आकडे होते, म्हणून रकानाही फक्त आकड्यांचा केलेला. पुढे बोटींच्या यादीत नवी पद्धत आली, पण संदेशांकडचा तो रकाना कोणी बदलला नाही. त्याच्या पुढ्यात 'सात-प-दोनशेतीन' टाकलं की तो डावीकडून आकडे चालतील तेवढेच घेतो आणि पहिल्या अक्षराशी थांबतो. हातात उरतात सात. सात नंबरची बोट यादीत असतेच. तपासणी खूश, नौफलचा दिवा हिरवा. आणि यतीशला फसवणाऱ्या त्या नऊ हाका म्हणजे नवा डबा दाबून बघणारी पडुबैलूची पोरं.

एप्रिलमध्ये अक्षर पुढे होतं, तेव्हा रकान्याला काहीच मिळत नव्हतं, शून्य. शून्य नंबरची बोट नाही, म्हणून यंत्रणा एकतीस वेळा ओरडली. गुरिकारांनी मानाचा आकडा पुढे आणला आणि तिचं ओरडणं थांबलं. चूक तिथेच होती, फक्त तिला आता राहायला घर मिळालं होतं.

मी बर्फ कारखान्याची माडी चढले.

"यतीशण्णा, वही द्या."

त्याने खण उघडला. बारा सप्टेंबर, अकरा बेचाळीस, क्रमांक सात. पुढे त्याच्या गोल अक्षरात ठिकाण: तेरा अंश चोवीस मिनिटं उत्तर, चौऱ्याहत्तर अंश बावीस मिनिटं पूर्व.

शोध पथकाचा अहवाल माझ्या पिशवीत होता. तेलाचा तवंग आणि जाळी सापडली ती जागा: तेरा चोवीस, चौऱ्याहत्तर बावीस. किनाऱ्यापासून वीस मैल. गस्तीच्या बोटीला तासाभराचा रस्ता.

मी वही मिटायला हवी होती. पण यतीश माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याने दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं, एकदा वहीत, एकदा अहवालात. मग पुन्हा वहीत.

"हे तर..." तो म्हणाला. "ही सातची आहे ना? सात नंबरची."

मी त्याला सगळं सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे त्याचा डबा चालू होता. आईची शपथ घ्यायचा तो."

मी खाली उतरले तेव्हा तो तसाच बसला होता, समोर उघडी वही.

जिना उतरता उतरताच मला कळलं की मी काय केलंय. यंत्रणेत ती हाक आता फक्त 'सात' म्हणून उरली होती आणि तिच्यापुढचं ठिकाण शिट्टी बंद असल्याने साठवलंच गेलं नव्हतं. नौफलला सोडवणारा पुरावा जगात एकच होता, आणि तो मी अशा माणसाजवळ ठेवून आले होते, ज्याला ते एक पान फाडलं की उरलेलं आयुष्य जगता येणार होतं.

६

शनिवारी सकाळी खण रिकामा होता. यतीशही नव्हता. फोन बंद.

मी टेकडीवर गेले. श्रीवत्स उपाध्य एकटेच होते.

"सर, चौदा तारखेच्या पहाटे तुम्ही रकाना बदललात."

"कोण म्हणतं?"

"सांतप्पांचं भूत. त्याला घालवणं तुमच्याशिवाय कोणालाच येत नव्हतं. चार नंबरचे जादा मेसेजही त्याच दिवशी थांबले. नौफल डबे बसवतो, त्याला रकान्याला हात लावता येत नाही. यतीशला फक्त पडदा दिसतो. आणि चौदा तारखेला डबा किनाऱ्याला लागलेलाही नव्हता. 'समुद्रतारा'ने हाक दिली होती, हे त्या दिवशी जगात एकाच माणसाला माहीत होतं. ज्याने उपग्रहाकडून आलेला मूळ संदेश वाचला त्याला."

त्यांनी उठून दार लावलं.

"तेरा तारखेला रात्री वाचला मी. त्यात पूर्ण क्रमांक होता," ते म्हणाले. "पहिला विचार काय आला सांगू? बाकीच्या बोटी उद्या निघतील. मी चार तास बसून दुरुस्त केलं. साठ बोटी वाचवल्या मी, दिव्यश्री."

"आणि मूळ संदेश?"

"पुसले. महिन्याला पुसतातच."

"महिना झाला नव्हता."

त्यांनी समोरचा पडदा बंद केला.

"नौफलला धरलं तेव्हा तरी बोलायचं होतं."

"रोज ठरवायचो," ते म्हणाले. "खोटं काहीच बोललो नाही मी. कोणी विचारलंच नाही."

मी जे ऐकलं ते लिहून काढलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. त्यांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "वकिलाला विचारतो," म्हणाले.

सोमवारी कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या हातात माझी टीप होती. दोन पानांऐवजी अकरा पानांची, आणि पुरावा म्हणून जोडायला काही नाही. नौफलची बायको भिंतीला टेकून उभी होती. तिने माझ्या हातातले कागद पाहिले आणि नजर वळवली. संघाचा कागद म्हणजे काय, हे तिला चार दिवसांत कळलं होतं.

अकरा वाजता यतीश आला. इस्त्रीचा सदरा, काखेत लाल वही. सोबत पोलीस ठाण्याचा हवालदार.

"कुठे होतात?" मी विचारलं.

"शनिवारी जबाब दिला. मग आईकडे होतो. कोर्टात सांगायच्या आधी तिला सांगायला हवं होतं." त्याने वही माझ्याकडे दिली. "पानं मोजून घे. पूर्ण आहेत."

तो आत जाऊन उभा राहिला आणि अकरा बेचाळीसला त्याने काय केलं ते मोठ्याने सांगितलं. दुपारी नौफल सुटला. बाहेर आल्यावर तो यतीशसमोर थांबला. मग नौफल म्हणाला, "अण्णा, पाणी घ्या," आणि बायकोच्या हातातली बाटली त्याला दिली.

संध्याकाळी यतीशने मला निरीक्षण खोलीत बोलावलं. दुसऱ्या दिवसापासून तो निलंबित होणार होता.

"एक काम कर. ती हाक अजून सांतप्पांच्या बोटीवर आहे. ज्याची आहे त्याच्या नावावर कर."

नोंद दुरुस्त करायचा अधिकार तपासापुरता मला दिला होता. मी सात खोडून सात-प-दोनशेतीन लिहिलं आणि वहीतलं ठिकाण भरलं. यंत्रणेला तारखा कळतात, उशीर कळत नाही. नोंद 'समुद्रतारा'च्या खात्यात बसताच पडदा लाल झाला आणि शिट्टी वाजू लागली.

मग यतीशच्या खिशातला फोन वाजला.

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लोहितने घरचा माणूस म्हणून भावाचा नंबर दिला होता.

यतीशने मेसेज वाचला. 'समुद्रतारा या बोटीने मदत मागितली आहे. वेळ ११:४२.' पडद्यावर दोन बटणं लुकलुकत होती. 'बंद करा' आणि 'कुमक पाठवा'. मी शिट्टी थांबवायला हात पुढे केला, त्याने तो धरला. खुर्ची ओढून बसला आणि दुसरं बटण दाबलं.

धक्क्यावरच्या गस्तीच्या बोटीवरून रेडिओ खरखरला.

"निघतोय, यतीशण्णा. कुठे जायचं?"

त्याने वही जवळ ओढली आणि सावकाश, एकेक आकडा, सांगू लागला.